डॉलर नव्वदला, कापूस घरात

(पत्र आणि उत्तर डिसेंबर २०२५ मधलं आहे; भाव, दर आणि नियम तेव्हाचे.)

«नाना, सप्रेम नमस्कार. आम्ही पारोळा तालुक्यातले. पाच एकर कोरडवाहू. यंदा कापूस निघाला ३० क्विंटल, तो सगळा पुढच्या खोलीत भरून ठेवलाय. दारावर येणारा व्यापारी ६,९०० म्हणतो. आमचे हे म्हणतात, डॉलर नव्वदला गेला, आता कापूस वाढेल, नऊ हजारांशिवाय द्यायचा नाही. मुलाला जर्मनीत शिकायला प्रवेश मिळालाय, एप्रिलमध्ये जायचंय. व्हिसासाठी जानेवारीत तिथल्या खात्यात ११,९०४ युरो भरायचे आहेत. गेल्या वर्षी हिशोब केला तेव्हा पावणेअकरा लाख होत होते, बँकेने १० लाखांचं शैक्षणिक कर्ज मंजूर केलं. आता साडेबारा लाख सांगतात. हे म्हणतात, थांबू, रुपया सावरेल. दीर म्हणतात, मंदी येणार, ६ लाखांची ठेव मोडा आणि सोनं घ्या. टीव्हीवर महागाई पाव टक्का सांगतात, पण माझ्या किराण्याच्या चिठ्ठीत ती पाव टक्का मला काही सापडत नाही. आणखी एक विचारते. छापखाना सरकारचाच आहे, तर जास्त नोटा छापून लोकांची कर्जं का फेडत नाहीत? माझ्या भिशीचे ४० हजार पुढच्या महिन्यात येतील, त्याचंही सांगा. – एक वाचक»

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं, मग कागद घेऊन तुमच्या घराचा हिशोब मांडला. प्रश्न पाच-सहा आहेत, पण गाठ एकाच ठिकाणी बसलीय. पुढच्या खोलीतला कापूस आणि मुलाचे युरो हे तुम्ही दोन विषय समजताय. ते एकच आहेत. हे उत्तर भाऊंना, म्हणजे तुमच्या यजमानांना, वाचून दाखवा, पण 'बघा, मी म्हणत नव्हते' अशा सुरात नको. त्यांच्या अंदाजात तथ्य आहे, फक्त तो अर्धा आहे.

आधी रुपया. स्टँडवर, टपरीवर 'रुपया पडना, रुपया पडना' चाललेलं असतं आणि ते बोलताना माणसं खालच्या आवाजात बोलतात, जणू गावातल्या कुणाची अब्रू गेली. रुपया म्हणजे अब्रू नाही ताई, तो एक भाव आहे. नंदुरबारच्या बाजारात मिरचीला भाव असतो, तसा मुंबईच्या बाजारात डॉलरला भाव असतो. डॉलर मागणारे वाढले आणि आणणारे घटले की तो महागतो. यंदा परदेशी गुंतवणूकदारांनी आपल्या शेअर बाजारातून पैसा काढून नेला, नेताना रुपये देऊन डॉलर घेतले. अमेरिकेने ऑगस्टअखेरीपासून आपल्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के आयात कर लावला, त्यामुळे तिकडून येणाऱ्या डॉलरचा ओघ आटला. आणि ऑक्टोबरात, सणाच्या तोंडावर, देशाने सोन्याची मोठी आयात केली. सोनं आपल्याकडे जवळजवळ निघतच नाही, ते डॉलर मोजून आणावं लागतं. रुपया पडतोय म्हणून लोक सोनं घेतात आणि सोनं घेतात म्हणून रुपया आणखी दबतो. दिरांना हे नक्की सांगा.

आकड्याचं म्हणाल तर एका डॉलरला दीडशेच्या पुढे येन मिळतात, म्हणून जपान कंगाल ठरत नाही. बघायचं ते चलन किती वेगाने झिजतंय हे. ६ जून १९६६ ला सरकारने एका फटक्यात डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर नेला. २०१०-११ मध्ये तो ४५ च्या आसपास होता, डिसेंबर २०२४ मध्ये ८५ झाला आणि आता ९०. पंधरा वर्षांत दुप्पट, म्हणजे वर्षाला पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे भाव अमेरिकेपेक्षा वेगाने वाढतात, आणि ज्या देशात महागाई जास्त त्याचं चलन हळूहळू झिजतंच. ही झीज आहे, कोसळणं नव्हे. कोसळणं श्रीलंकेत झालं, २०२२ मध्ये. दोनशेच्या आसपासचा डॉलर काही आठवड्यांत साडेतीनशेच्या पुढे गेला, पेट्रोल आणि औषधं आणायला देशाकडे डॉलर उरले नाहीत, आणि सप्टेंबरात महागाई सत्तर टक्क्यांच्या घरात पोचली.

आपणही एकदा त्या कड्यापर्यंत जाऊन आलोय. १९९१ मध्ये मी चोपड्याच्या शाखेत कॅशियर होतो. देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर होते आणि रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवलं, ही बातमी जुलैत फुटली. दुसऱ्या दिवशी धोतराच्या सोग्यात पासबुक बांधलेला एक म्हातारा शेतकरी खिडकीशी आला. पैसे काढायला आला नव्हता. पासबुक माझ्यासमोर ठेवून त्याने एवढंच विचारलं, 'साहेब, देशाचंच सोनं गेलं, मग माझं काय?' मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. ते राहून गेलं, म्हणून आता निवृत्तीनंतर या सदरात मी पैशांवरच्या पत्रांना एवढी लांब उत्तरं देतो. आज रिझर्व्ह बँकेकडे ६८-६९ हजार कोटी डॉलरची गंगाजळी आहे. १९९१ ची भीती आज बाळगायचं कारण नाही.

आता तुमच्या घराकडे येऊ. रुपया पडला की डॉलरमध्ये देणाऱ्याचं नुकसान आणि डॉलरमध्ये घेणाऱ्याचा फायदा, एवढंच सूत्र आहे. रावेर-यावलची केळी आखातात जातात, त्या निर्यातदाराला रुपया पडलेला चालतो. जळगावच्या डाळ मिलवाल्याला कॅनडाचा वाटाणा आणायचा असेल तर तोच रुपया खुपतो. तुमच्या एकाच घरात दोन्ही आहेत. मुलाचे युरो ही देण्याची बाजू, ती रोकडी आहे, तारखेची आहे. कापूस ही मिळण्याची बाजू, आणि ती भाऊ समजतात तेवढी भक्कम नाही.

युरोचं पहिलं. डॉलरकडे बघून युरोचा हिशोब करू नका. वर्षभरात डॉलर ८५ चा ९० झाला, म्हणजे सहा टक्के. युरो मात्र ९० च्या आसपास होता तो १०५ झाला, म्हणजे सोळा-सतरा टक्के. कारण यंदा खुद्द डॉलरच युरोपुढे उतरला आणि आपला रुपया त्या उतरत्या डॉलरपुढेही उतरला. ११,९०४ युरोचे ९० च्या भावाने १० लाख ७१ हजार होतात, १०५ च्या भावाने साडेबारा लाख. एक लाख ७८ हजारांचा फरक. ना मुलाची चूक ना तुमची.

रुपया सावरेल का? सावरूही शकतो. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ च्या पुढे गेला होता आणि काही महिन्यांत ६२ च्या आसपास परत आला. पण व्हिसाची तारीख रुपयासाठी थांबणार नाही. ज्या रकमेची तारीख ठरलेली आहे तिच्यावर बाजाराचा अंदाज लावायचा नसतो, असं मी बँकेत असताना सांगत आलो आणि आजही सांगतो. आत्ता निम्मे भरा, दोन-तीन आठवड्यांनी उरलेले, म्हणजे सगळी रक्कम एकाच दिवसाच्या भावात अडकणार नाही. आणि टीव्हीवर दिसतो तो भाव बँक तुम्हाला देत नाही, ती त्यावर स्वतःचा नफा चढवते. दोन-तीन बँकांना विचारा, 'आज ११,९०४ युरो पाठवायचे तर सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जातील?' नेमकं हेच वाक्य विचारा. साडेबारा लाखांवर एका टक्क्याचा फरक म्हणजे साडेबारा हजार. कर्जातून परस्पर गेलेल्या रकमेवर परदेशी पैसे पाठवण्याचा आगाऊ कर कापला जात नाही, तेवढं बँकेकडून लिहून घ्या.

आता कापूस. भाऊंचं म्हणणं असं की डॉलर महाग झाला म्हणजे बाहेरून येणारी कापसाची गाठ महाग पडणार, गिरण्या आपल्याकडेच वळणार, भाव चढणार. हे बरोबर आहे. रुपयामुळे बाहेरचा कापूस सहा टक्क्यांनी महागला. पण सरकारने १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलंय. रुपयाने सहा दिले, माफीने अकरा नेले. त्यात जगाच्या बाजारातच कापूस पडेल आहे. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाला दीड डॉलर भाव गेला होता, आज तो ६५ सेंटच्या आत-बाहेर आहे. शिवाय अमेरिकेच्या ५० टक्के करामुळे आपल्या कपडेवाल्यांच्या ऑर्डरी कमी झाल्या, म्हणजे सुताची मागणी कमी, म्हणजे रुईची कमी. १ जानेवारीपासून शुल्क परत लागलं तर भाव थोडा सुधारेलही. पण माफीच्या काळात आलेल्या गाठी गिरण्यांच्या गोदामात आधीच पडून असतील. नऊ हजार मला तरी दिसत नाहीत.

भाऊंच्या डोळ्यांसमोर २०२२ चे दहा-बारा हजार आहेत, हे मी समजू शकतो. ते दिवस मीही पाहिले. पण पुढच्याच हंगामात काय झालं तेही आठवा. दहा हजारांची वाट बघत निम्म्या खान्देशाने कापूस घरात ठेवला. उन्हाळा आला तरी तो तसाच. माझ्या पुतण्याच्या घरी, एरंडोलजवळ, बैठकीत छताला टेकेल एवढा ढीग होता. एप्रिलमध्ये त्यात बारीक कीड झाली, लेकरांच्या अंगाला खाज सुटली, मानेवर पुरळ उठलं, सुनेने अंथरुणं ओट्यावर काढली. शेवटी सात हजारांच्या आसपास दिला. वाळून वजन घटलं ते वेगळंच.

आणि याच्याही आधीची, आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळातली गोष्ट आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि इंग्रज व्यापाऱ्यांनी आपल्या मुलखाकडे धाव घेतली. खान्देशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, काही पटींनी. मुंबईत त्या पैशावर शेअरचा बाजार फुगला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि सगळं बसलं. मुंबईच्या पेढ्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बेसारखी सरकारी पाठबळाची बँक त्यात खचली. इकडे ज्यांनी चढत्या भावाच्या भरवशावर सावकाराचं काढलं होतं, त्यांच्या कापसाचा भाव उतरला, कर्ज मात्र तेवढंच राहिलं. आपल्या शिवारातल्या कापसाचा भाव तेव्हाही आपल्या शिवारात ठरत नव्हता.

तर तुमचा हिशोब असा. ३० क्विंटल ६,९०० ने दिले तर २ लाख ७ हजार येतात. मुलाच्या खात्यात कर्जाच्या वर लागणारी रक्कम अडीच लाख आहे. म्हणजे तुमच्या युरोतली जवळजवळ सगळी तूट पुढच्या खोलीत पडून आहे. कापूस अडवून क्विंटलमागे ५०० वाढले तर १५ हजार मिळतील. तेवढ्या दिवसांत युरो दोनच रुपयांनी चढला तर २३ हजार ८०० जातील. भाऊ एकाच वेळी दोन पैजा लावून बसलेत, कापूस चढेल आणि युरो उतरेल. दोन्ही जिंकल्या तरच त्यांचं गणित बसतं.

पण ६,९०० ने देऊ नका. सरकारचा हमीभाव यंदा लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० आहे, आणि त्या भावाने सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, खरेदी करतं. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, १२ पर्यंत त्या प्रमाणात कपात, त्यापुढे घेत नाहीत. तुमचा घरात बसलेला कापूस आता बऱ्यापैकी वाळला असेल, ती या वेळी जमेची बाजू. लांब धागा धरला आणि दोनेक टक्के कपात गेली तरी व्यापाऱ्यापेक्षा क्विंटलमागे हजार रुपये जास्त पडतात, ३० क्विंटलला ३० हजार. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत कापूस लागलेला हवा आणि 'कपास किसान' ॲपवर नोंदणी हवी. ती झालीय की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर उद्याच भाऊंना बाजार समितीत पाठवा, परवावर ढकलू नका. सीसीआयचे पैसे यायला वेळ लागला आणि युरोची तारीख आली तर ठेव मोडू नका, ठेवीवर कर्ज काढा. व्याज ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्काच जास्त पडतं आणि महिन्या-दीड महिन्यात कापसाच्या पैशातून फिटतं.

महागाईचं तुम्ही फार मोलाचं विचारलंत. ऑक्टोबरची महागाई पाव टक्का, हा आकडा खोटा नाही. पण तो काय मोजतो ते नीट सांगितलं जात नाही. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपेक्षा यंदाच्या ऑक्टोबरात भाव किती वाढले, एवढंच तो सांगतो. गेल्या ऑक्टोबरात भाव आधीच आभाळाला टेकले होते, खाण्यापिण्याची महागाई पावणेअकरा टक्के होती. म्हणजे १०० ची पिशवी १११ ची झाली होती. यंदा खाण्यापिण्याचे भाव ५ टक्क्यांनी उतरले, म्हणजे ती १०५-१०६ वर आली. आकडेवारीत घट झाली, पण तुमच्या डोक्यात अजून १०० चाच भाव आहे आणि तो तुम्ही विसरलेल्या नाहीत. शिवाय उतरलं काय? भाजीपाला आणि डाळी. तेलाचा डबा उतरला नाही, कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. शाळेची फी, दवाखाना, एसटीचं तिकीट उतरलं नाही. या आकड्यासाठी सरकारच्या पिशवीत खाण्यापिण्याचं वजन ४६ टक्क्यांच्या आसपास धरलेलं होतं. ज्या घरात एक मुलगा परदेशी निघालाय आणि, समजा, सासूबाईंची औषधं सुरू आहेत, त्या घराची पिशवी वेगळी असते. वहीत तीन महिने खर्च लिहा, तुमच्या घराची महागाई तुम्हालाच काढता येईल आणि ती माझ्या-टीव्हीच्या आकड्यापेक्षा खरी असेल.

यात मला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. डाळ स्वस्त झाली म्हणून शहरात समाधान आहे, ते असायलाही हवं. पण ती स्वस्त कशी झाली? तूर, हरभरा यांचे भाव पडले म्हणून. महागाई पाव टक्क्यावर आणण्याची किंमत ज्यांच्या शेतातून वसूल झाली ती माणसं तुमच्याच गल्लीत राहतात. तरीही तुमच्या खताच्या गोणीत रुपयाची घसरण पूर्ण दिसत नाही हे ध्यानात ठेवा. डीएपीची गोणी सरकार अनुदान देऊन १,३५० ला धरून ठेवतं. डॉलर महागला की ते अनुदान फुगतं, म्हणजे तो खर्च सरकारी तिजोरीतून, फिरून आपल्याच करातून जातो. डिझेल भडकलं नाही, कारण जगात कच्चं तेल यंदा स्वस्त आहे. ते उद्या चढलं तर नव्वदचा डॉलर खऱ्या अर्थाने टोचेल, आपण लागणाऱ्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो.

नोटा छापण्याचं उत्तर मुलगा जिथे चाललाय त्या देशातच आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी कर्जात बुडाला होता. १९२३ च्या जानेवारीत फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रुऱ्हच्या कोळशाच्या पट्ट्यात शिरल्या, तिथल्या कामगारांनी काम बंद केलं, आणि सरकारने त्यांचे पगार नोटा छापून दिले. कोळसा निघत नव्हता, माल तयार होत नव्हता, नोटा मात्र निघत होत्या. नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. लोक पगार हातात पडताच दुकानाकडे पळायचे, कारण संध्याकाळी त्यात निम्मंही येत नसे. कर्जं खरंच फिटली, ताई. घर गहाण टाकलेल्याचं कर्ज एका पावाच्या किमतीत फिटलं. पण आयुष्यभर पोस्टात आणि बँकेत साठवणाऱ्या विधवा, मास्तर, पेन्शनर यांच्या हातात कागद उरला. शेवटी एक लाख कोटी जुन्या मार्कांना एक नवा रेंटनमार्क दिला तेव्हा कुठे थांबलं. नोट ही मालाची चिठ्ठी आहे. बैलगाडीत माल तेवढाच ठेवून चिठ्ठ्या दुप्पट केल्या तर एका चिठ्ठीला निम्माच माल येणार.

दिरांची मंदी. आपल्याकडे हा शब्द दोन अर्थांनी चालतो. व्यापारी म्हणतो 'बाजारात मंदी आहे', म्हणजे गिऱ्हाईक नाही. अर्थशास्त्रातली मंदी म्हणजे सगळ्या देशाचं उत्पन्न सलग दोन तिमाह्या आधीपेक्षा कमी होणं. तशी आपल्याकडे २०२० मध्ये टाळेबंदीत आली होती, एप्रिल ते जूनमध्ये देशाचं उत्पन्न जवळपास पाव हिश्श्याने आक्रसलं. आज तशी नाही. यंदा जुलै ते सप्टेंबर देशाचं उत्पन्न ८.२ टक्क्यांनी वाढलं. पण तुमच्या गावात ती जाणवत असेल, हेही मला मान्य आहे. कापसाला भाव नाही म्हणून ट्रॅक्टरचा हप्ता थकतो, किराणावाल्याची उधारी लांबते, तो पुढे घाऊकवाल्याची लांबवतो, आखाजीला लेकीला साडी घेणं पुढे ढकललं जातं, शिंप्याचं मशीन बंद. एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते, आणि सगळ्यांनी एकदम हात आखडला की सगळ्यांचंच उत्पन्न घटतं. मंदी देशभर पसरते ती याच वाटेने. म्हणून अशा वेळी रिझर्व्ह बँक व्याज उतरवते. या वर्षात तिने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, साडेसहावरून सव्वापाचवर आणला. मुलाच्या कर्जाचा दर रेपोशी बांधलेला असेल तर तो उतरायला हवा, शाखेत जाऊन विचारा. ठेवींचे दरही त्याच हिशोबाने उतरतात, म्हणून आधीच्या चांगल्या दराची ठेव मोडणं हे दुहेरी नुकसान.

मंदी खरी आली ती जर्मनीत. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं त्यांचं उत्पन्न घटलं. रशियाचा स्वस्त गॅस बंद झाला, चीनकडची मागणी मंदावली, मोटारींचे कारखाने अडचणीत आले. मुलाला घाबरवू नका, पण एक गोष्ट समोर बसवून सांगा. तिथे विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, म्हणून पहिल्या महिन्यापासून काम मिळेल असं धरून चालू नको. पहिले सहा महिने खात्यातून महिन्याला सुटणाऱ्या ९९२ युरोतच भागवायचं. भाषा आत्तापासून शिकायला लावा. पुढे तो युरोत कमवायला लागला की आज जी घसरण तुम्हाला छळतेय तीच त्याचं रुपयातलं कर्ज हलकं करेल.

सोन्याबद्दल मी अनुभवाने बोलतो. २०१२ च्या दिवाळीत, भाव एकतीस हजारांच्या आसपास असताना, मी नऊ टक्क्यांची ठेव मोडून सोनं घेतलं. तेव्हाही रुपया पडत होता, तेव्हाही सगळे म्हणत होते सोनं कधी उतरत नाही. २०१५ च्या पावसाळ्यात वडिलांच्या शस्त्रक्रियेला पैसे लागले. भाव पंचवीस-सव्वीस हजार. घडणावळ गेली, तीन वर्षांचं व्याज गेलं, आणि वडिलांच्या खाटेशेजारी बसून मी हा हिशोब करत होतो याची खंत अजून आहे. आज सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या पुढे आहे, वर्षापूर्वी ७७-७८ हजार होतं. ज्याला दहा वर्षं हात लावायचा नाही त्याने थोडं घ्यावं. ज्या घरात येत्या दोन वर्षांत मुलाला अचानक पैसे पाठवावे लागू शकतात, त्या घराने ठेव मोडून घेऊ नये.

ठेवीबद्दल मात्र एक काळजी आहे आणि ती रुपयापेक्षा मोठी आहे. ठेव बँकेत आहे की पतसंस्थेत? ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि आपल्याकडे पतसंस्थेलाही लोक बँकच म्हणतात. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण नसतं. आपल्या जिल्ह्यांत पतसंस्था बुडून मुलींच्या लग्नाचे पैसे अडकलेली घरं मी पाहिलीत, वर्षानुवर्षं हेलपाटे घालणारी म्हातारी माणसं पाहिलीत. पतसंस्थेत असेल तर मुदत संपताच बँकेत आणा. बँकेत असेल तरी एका बँकेत एका नावावर, व्याज धरून, ५ लाखांपर्यंतच विमा असतो. मुदत संपली की ६ लाखांतले दीड-दोन लाख दुसऱ्या बँकेत तुमच्या नावावर ठेवा.

राहिले भिशीचे ४० हजार. ते मी कुठल्याच हिशोबात धरलेले नाहीत, मुद्दामच. मुलाच्या विमानाच्या तिकिटाला, कापसाच्या वाहतुकीला, कशालाच ते काढू नका. त्यांचं सोनं घ्यायची तुमची मनात इच्छा असेल, आणि पत्रावरून ती दिसतेय, तर घ्या. जीएसटी आणि घडणावळ जाऊन तीन ग्रॅमच्या आतच बसेल. हॉलमार्क आणि त्यावरचा सहा अक्षरी एचयूआयडी क्रमांक बघून घ्या, आणि पावती तुमच्या नावाने करा.

– नाना, धुळे